कानातला नाद मेंदूच्या फोटोत दिसतो का?

गेल्या पावसाळ्यात एक निवृत्त शिक्षक माझ्या दवाखान्यात आले. सोबत पत्नी आणि धाकटा मुलगा. सरांच्या हातात एम.आर.आय.च्या फिल्मचे मोठे पाकीट होते. खुर्चीवर बसण्यापूर्वीच त्यांनी ते माझ्या टेबलावर ठेवले आणि म्हणाले, "डॉक्टर, तुम्ही एकदा नीट बघा. यात काहीतरी असणारच. बाकी सगळे म्हणतात, काही नाही."

गेली दोन वर्षे त्यांच्या दोन्ही कानांत रातकिडे ओरडावेत तसा आवाज चालू होता. दिवसा माणसांत बसले की थोडा मागे पडे. रात्री घर शांत झाले की वाढे. मुलाने कर्ज काढून नव्हे, पण महिन्याचा खर्च मागे टाकून वडिलांना मोठ्या शहरात नेले व मेंदूचा एम.आर.आय. करून आणला. रिपोर्ट आला: 'सर्व काही सर्वसाधारण.' घरच्यांना हायसे वाटले. सरांना मात्र वाटले नाही.

"गाठ निघाली असती तर निदान लोकांचा विश्वास तरी बसला असता," ते म्हणाले. "आता घरात सगळ्यांना वाटतं, मी उगाच करतो. फोटोत काही नाही, मग रात्रभर माझ्या कानात ओरडतं कोण?"

हा प्रश्न मला अनेक रुग्णांनी निरनिराळ्या शब्दांत विचारला आहे. म्हणून आजच्या लेखात त्याचेच उत्तर देण्याचा प्रयत्न करतो. कानातल्या नादाचा मेंदूशी संबंध काय, मेंदूचे फोटो काढून शास्त्रज्ञांना काय समजले, काय समजले नाही, आणि आपल्यासारख्या सामान्य माणसाने असा फोटो कधी काढावा, हे क्रमाने पाहू.

हा नाद म्हणजे काय?

बाहेर कोणताही आवाज नसताना कानात किंवा डोक्यात आवाज ऐकू येणे याला कर्णनाद म्हणतात. डॉक्टर मंडळी त्याला टिनिटस म्हणतात. कुणाला शिट्टी ऐकू येते, कुणाला रातकिडे, कुणाला कुकरची वाफ, कुणाला लांबवर चालणारी पिठाची गिरणी. हा विकार आजकालचा नव्हे. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात कानाचे २८ रोग सांगितले आहेत. त्यांत कानात नाद होण्याचा रोग वेगळा नोंदलेला आहे.

हा त्रास किती लोकांना असतो? जगभरच्या पाहण्यांचा एकत्रित अभ्यास २०२२ साली प्रसिद्ध झाला. त्यानुसार प्रौढ माणसांपैकी सुमारे १४ टक्के लोकांना कर्णनाद जाणवतो आणि सुमारे २ टक्के लोकांना तो तीव्र स्वरूपात असतो. म्हणजे शंभर माणसे लग्नाच्या पंगतीला बसली, तर त्यांतल्या बारा-चौदा जणांच्या कानात काहीतरी वाजत असते. बहुतेक जण ते कुणाला सांगतही नाहीत.

इथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. माणसांचे बोलणे, आज्ञा किंवा शिव्या ऐकू येणे हा कर्णनाद नव्हे. ती वेगळी तक्रार आहे आणि तिच्यासाठी मानसोपचारतज्ज्ञांकडे जावे. कर्णनादात आवाज असतो, पण शब्द नसतात. असा आवाज ऐकू येणे हे वेडाचे लक्षण मुळीच नाही.

कान ते मेंदू

आपल्या आतल्या कानात गोगलगाईच्या शंखासारखा एक लहानसा अवयव असतो. त्यात अतिशय नाजूक केसपेशी असतात. बाहेरच्या आवाजाने त्या हलतात, विजेचे सूक्ष्म संदेश तयार होतात आणि ते श्रवणाच्या मज्जातंतूतून मेंदूकडे जातात. आवाज 'ऐकू' येतो तो मेंदूत. कान हा फक्त संदेश पाठवणारा.

या केसपेशी वयाने झिजतात. यंत्रमाग, फटाके, मिरवणुकीतील मोठे ध्वनिक्षेपक, रोजचा इंजिनचा आवाज यांनी त्या लवकर मरतात. स्ट्रेप्टोमायसिन, जेंटामायसिन यांसारख्या काही औषधांनीही त्यांना इजा होऊ शकते. माणसात मेलेली केसपेशी पुन्हा उगवत नाही.

आता असे समजा, रेडिओवर केंद्र नीट लागत नाही. आवाज बारीक येतो म्हणून आपण बटण फिरवून तो मोठा करतो. मग गाणे तर नीट ऐकू येत नाहीच, उलट खरखर मात्र वाढते. मेंदूतही साधारण असेच होत असावे, असे बहुतेक शास्त्रज्ञ मानतात. कानाकडून येणारे संदेश कमी झाले की श्रवणाच्या मार्गावरील पेशी आपली संवेदनशीलता वाढवतात. मग त्यांची स्वतःची जी नेहमीची बारीक हालचाल असते, तीच आवाज म्हणून ऐकू येऊ लागते.

अशी बारीक हालचाल निरोगी माणसातही असते. १९५३ साली अमेरिकेत हेलर आणि बर्गमन या दोघांनी एक साधा प्रयोग केला. कर्णनादाची तक्रार नसलेल्या, ऐकणे चांगले असलेल्या ८० माणसांना त्यांनी आवाजबंद खोलीत काही मिनिटे बसवले आणि काय ऐकू येते ते सांगा म्हटले. त्यांतील ९४ टक्के लोकांनी काही ना काही आवाज ऐकू आल्याचे सांगितले. संपूर्ण शांततेत जवळजवळ सर्वांनाच आपल्या यंत्राची गुणगुण ऐकू येते. सरांचा त्रास रात्री का वाढत होता, त्याचे एक कारण इथे सापडते.

नाद कानातून सुरू झाला तरी तो पुढे कानावर अवलंबून राहतोच असे नाही. याचा पुरावा शस्त्रक्रियेतून मिळाला. श्रवणाच्या मज्जातंतूवरील गाठ काढताना कधीकधी तो तंतूच कापावा लागतो. कान आणि मेंदू यांचा संबंध तुटला म्हणजे आवाज थांबायला हवा. परंतु अनेक रुग्णांमध्ये तो थांबला नाही. पाय कापल्यावरही काही लोकांना नसलेल्या पायाची बोटे दुखतात, त्यातलाच हा प्रकार.

साहजिकच शास्त्रज्ञांनी आपला मोर्चा मेंदूकडे वळवला.

फोटो दोन प्रकारचे

मेंदूच्या तपासण्यांबद्दल लोकांच्या मनात बराच गोंधळ असतो. म्हणून आधी एवढे लक्षात घ्या. सी.टी. स्कॅन आणि नेहमीचा एम.आर.आय. हे मेंदूची रचना दाखवतात. गाठ, रक्तस्राव, सूज, झीज अशा गोष्टी त्यात दिसतात. घराचा नकाशा पाहावा तसे ते आहे. कोणत्या खोलीत दिवा चालू आहे, हे नकाशात दिसत नाही.

दिवा कुठे चालू आहे हे पाहण्याच्या पद्धती वेगळ्या. मेंदूचा जो भाग काम करतो तिकडे रक्तपुरवठा वाढतो आणि साखरही जास्त वापरली जाते. पेट स्कॅनमध्ये अत्यल्प किरणोत्सर्गी द्रव्य शरीरात देऊन हा वापर मोजतात. दुसरी पद्धत 'फंक्शनल एम.आर.आय.' ही. तिच्यात रक्तातील प्राणवायूच्या बदलावरून कामाचा अंदाज घेतात. कर्णनादाचे बहुतेक संशोधन या पद्धतींनी झाले आहे. सरांनी करून आणलेला एम.आर.आय. हा नेहमीचा, म्हणजे नकाशाचा होता. त्यात नाद दिसण्याची शक्यताच नव्हती.

जबडा आवळला आणि आवाज बदलला

या संशोधनातील एक प्रयोग मला फार आवडतो. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातील बफेलो येथे ॲलन लॉकवुड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो केला व १९९८ साली प्रसिद्ध केला.

काही रुग्णांना जबडा घट्ट आवळून किंवा चेहऱ्याची विशिष्ट हालचाल करून कानातला आवाज कमी-जास्त करता येतो. (कर्णनाद असलेल्या वाचकांनी दात हलकेच आवळून पाहावे, काहींना फरक जाणवेल. कारण जबडा व मानेकडून येणारे तंतू मेंदूच्या बुडाशी श्रवणाच्या पहिल्या ठाण्याला जाऊन मिळतात.) असे चार रुग्ण लॉकवुड यांनी निवडले. पेट स्कॅनच्या यंत्रात झोपवून त्यांना आवाज बदलायला सांगितले आणि त्या वेळी मेंदूतील रक्तप्रवाह मोजला. तुलनेसाठी सहा निरोगी माणसेही घेतली.

बाहेरून एका कानाला सूर ऐकवला की मेंदूच्या दोन्ही बाजूंची श्रवणक्षेत्रे जागी होत. पण कानातला नाद कमी-जास्त झाला तेव्हा एकाच बाजूच्या श्रवणक्षेत्रात फरक पडला. ज्या कानात नाद होता त्याच्या विरुद्ध बाजूच्या. नाद जर आतल्या कानातून निघत असता तर बाहेरच्या सुराप्रमाणे दोन्ही बाजू जाग्या व्हायला हव्या होत्या. तसे झाले नाही. म्हणजे या रुग्णांत नादाचा उगम कानाच्या पलीकडे, मेंदूच्या मार्गावर होता. शिवाय त्यांच्या मेंदूत ऐकण्याचे भाग आणि भावनांचे भाग यांच्यात नेहमीपेक्षा वेगळे धागे जुळल्याचेही दिसले.

रुग्ण चारच होते, हे विसरून चालणार नाही. तरीही एवढे नक्की म्हणता येते की रुग्ण ज्या आवाजाची तक्रार करतो त्याच्यामागे मेंदूत मोजता येण्यासारखे काही घडत असते. सरांना मी हा प्रयोग सांगितला तेव्हा त्यांनी पत्नीकडे वळून पाहिले.

डाव्या बाजूची गोष्ट

इथपर्यंत वाचून कुणालाही वाटेल, मग आम्हालाही तो पेट स्कॅन करून द्या. थोडे थांबा. पुढची गोष्ट महत्त्वाची आहे.

१९९६ साली जर्मन संशोधकांनी काही रुग्णांच्या मेंदूचे पेट स्कॅन प्रसिद्ध केले. बहुतेकांत डाव्या बाजूचे श्रवणक्षेत्र उजव्यापेक्षा अधिक उजळ दिसत होते. नादाची जागा सापडली, असे अनेकांना वाटले. पुढे त्यावर उपचारही सुचला. डोक्याच्या त्या बाजूवर चुंबकीय झटके देऊन तो उजळ भाग शांत करायचा. काही रुग्णांना बरे वाटले आणि अनेक देशांत हे उपचार सुरू झाले.

मग २०१४ साली नेदरलँड्समधील ग्रोनिंगन येथील संशोधकांनी साधा प्रश्न विचारला. ज्यांना कर्णनाद नाही त्यांच्यात काय दिसते? त्यांनी रुग्ण आणि नाद नसलेली माणसे अशा दोन्ही गटांचे स्कॅन केले. डावी बाजू दोन्ही गटांत सारखीच उजळ निघाली! म्हणजे ती रोगाची खूण नव्हती, माणसाच्या मेंदूची नेहमीची घडण होती. २०१७ साली जर्मनीतील अनेक केंद्रांनी मिळून चुंबकीय उपचाराची काटेकोर चाचणी प्रसिद्ध केली. निम्म्या रुग्णांना खरा उपचार, निम्म्यांना नुसते नाटक. दोन्ही गटांच्या गुणात लक्षणीय फरक आढळला नाही.

रचनेच्या फोटोंचेही असेच झाले. २००६ साली म्युनिक येथे २८ रुग्ण आणि २८ निरोगी माणसांची तुलना झाली. रुग्णांमध्ये मेंदूच्या पुढच्या भागातील एका छोट्या जागेत करड्या पेशींचे प्रमाण कमी आढळले. ही जागा भावनांशी संबंधित आहे. २०११ साली वॉशिंग्टनमधील जॉर्जटाउन विद्यापीठात जोसेफ राउशेकर यांच्या गटालाही त्याच भागात फरक दिसला. त्यांनी कल्पना मांडली की नको असलेला आवाज अडवणारे एक दार तिथे असावे आणि कर्णनादात ते नीट लागत नसावे. कल्पना सुंदर आहे. पण २०१३ साली बोस्टनच्या संशोधकांनी दाखवले की तिथला फरक अति उंच सुरांच्या बहिरेपणाशी जुळतो, मग कर्णनाद असो वा नसो.

असे घोटाळे का होतात? एक तर कर्णनादाच्या रुग्णांपैकी पुष्कळांना कमी ऐकू येते. काहींना साधा आवाजही सहन होत नाही, काहींची झोप गेलेली असते, काही उदास असतात. या प्रत्येक गोष्टीने मेंदूच्या फोटोत फरक पडतो. नादामुळे कोणता आणि बाकीच्यांमुळे कोणता, हे वेगळे काढणे अवघड. दुसरे म्हणजे रुग्ण थोडे घेतलेले असतात. तिसरी अडचण जरा गमतीची आहे. एम.आर.आय.चे यंत्र स्वतःच प्रचंड खडखडाट करते. आवाजाचा अभ्यास आवाजात बसून करायचा! त्यासाठी संशोधकांना यंत्र मध्येच थांबवून शांततेत सूर ऐकवण्याच्या युक्त्या कराव्या लागतात.

मग हाती काय लागले?

इतक्या वर्षांच्या कामातून एक गोष्ट मात्र पुन्हा पुन्हा पुढे आली आहे. नादाची मेंदूत एकच एक जागा नाही. ऐकण्याचे भाग, भीती व चिंता जागवणारे भाग, लक्ष वेधून घेणारे भाग आणि आठवणीचे भाग यांचे एक जाळे त्यात गुंतलेले असते.

यावरून रोजच्या अनुभवातले एक कोडे उलगडते. रुग्णाच्या कानातला आवाज किती मोठा आहे, हे यंत्रावरील सुराशी जुळवून मोजता येते. बहुतेकांत तो त्याच सुराच्या ऐकू येण्याच्या किमान पातळीपेक्षा फार वर नसतो. कुजबुजीएवढाच म्हणा. तरी एकाला त्याचे काही वाटत नाही आणि दुसऱ्याची झोप उडते. नादाची मोठाई आणि त्रासाची मोठाई या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. घड्याळाची टिकटिक घरातल्या माणसांना ऐकू येत नाही, पण तीच टिकटिक रात्री एखाद्या काळजीशी जोडली गेली की डोळा लागू देत नाही. मेंदूने एकदा एखाद्या आवाजाला 'धोका' असा शिक्का मारला की तो त्याच्यावरून लक्ष काढीत नाही. लक्ष गेले की आवाज मोठा वाटतो, मोठा वाटला की काळजी वाढते. हे चक्र आहे.

'हा नाद मरेपर्यंत राहणार, मी ठार बहिरा होणार, मेंदूत गाठ असणार,' हे विचार त्या चक्राला वेग देतात. घरच्यांचे 'तुला काही झालेलं नाही' हे वाक्यही तेच काम करते.

तेव्हा सरांच्या प्रश्नाचे उत्तर असे: फोटोत काही नाही याचा अर्थ नाद खोटा आहे, असा होत नाही. त्या फोटोचा अर्थ एवढाच की गाठ किंवा दुसरा धोकादायक आजार नाही. आणि आजच्या घडीला कोणताही स्कॅन एकट्या माणसाच्या डोक्यात नाद आहे की नाही, किती आहे, हे सांगू शकत नाही. संशोधनातले निष्कर्ष गटांच्या सरासरीचे असतात. कुणी 'कर्णनादाचा स्कॅन' करून देतो म्हणाला, तर आपले पैसे वाचवा.

एम.आर.आय. कधी करावा?

दोन्ही कानांत सारखा नाद, दोन्ही कानांचे ऐकणे सारखे आणि दुसरी काही तक्रार नाही, अशा वेळी एम.आर.आय.ची सहसा गरज नसते. पुढील परिस्थितीत मात्र कान-नाक-घसा तज्ज्ञ तो किंवा तशी दुसरी तपासणी सांगतात आणि ती टाळू नये:

१) नाद फक्त एकाच कानात असणे.
२) एका कानाने दुसऱ्यापेक्षा बरेच कमी ऐकू येणे. क्वचित अशा रुग्णांत श्रवणाच्या तंतूवर गाठ सापडते. ती कर्करोगाची नसते आणि सहसा सावकाश वाढते, पण वेळीच कळलेली बरी.
३) नाडीच्या ठोक्याबरोबर धडधड असा आवाज येणे. रक्तदाब, रक्तक्षय, थायरॉईड किंवा रक्तवाहिन्यांचा दोष यांमुळे असे होऊ शकते. आपल्याकडे स्त्रियांमध्ये रक्तक्षय पुष्कळ आढळतो, तेव्हा आधी रक्त तपासावे.
४) नादाबरोबर चेहरा वाकडा होणे, बधिरपणा, तोल जाणे, बोलणे अडखळणे.

आणखी एक सूचना ठळकपणे लक्षात ठेवा. अचानक, एक-दोन दिवसांत एक कान बहिरा झाला आणि नाद सुरू झाला, तर 'मळ असेल, जाईल' म्हणून थांबू नका. ताबडतोब तज्ज्ञाला दाखवा. त्यावरील औषधाचा उपयोग पहिल्या काही दिवसांत सर्वांत जास्त होतो. महिन्याने आलेल्या रुग्णासाठी फारसे काही करता येत नाही.

पेसमेकर किंवा शरीरात धातूचा तुकडा असेल तर एम.आर.आय.पूर्वी अवश्य सांगावे. आणि यंत्राच्या आवाजापासून संरक्षणासाठी कानात बोळे वा कानावर आच्छादन मागून घ्यावे.

उपाय काय?

नाद एका झटक्यात कायमचा घालवणारी गोळी अजून निघालेली नाही, हे आधी सांगितलेले बरे. गिंको, झिंक, मेलाटोनिन यांच्या गोळ्या वर्षानुवर्षे घेणारे रुग्ण मी पाहतो. त्यांचा कर्णनादावर ठोस उपयोग सिद्ध झालेला नाही आणि २०१४ साली अमेरिकेतील कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या संघटनेने दिलेल्या मार्गदर्शनातही त्या देऊ नयेत असेच म्हटले आहे. कानात गरम तेल, लसणाचा रस वगैरे घालू नये. काडी किंवा पिन तर मुळीच घालू नये.

पहिली पायरी म्हणजे कान तपासून घेणे. कधी नुसता मळ असतो, तो काढला की काम होते. दुसरी पायरी श्रवणचाचणी. ऐकणे कमी झाले असेल आणि नादाचा त्रास होत असेल तर श्रवणयंत्राचा विचार करावा. बाहेरचे आवाज पुरेसे पोचू लागले की मेंदूला आपले बटण फार वर फिरवावे लागत नाही. पुष्कळांना यंत्र लावलेले असताना नाद मागे पडलेला जाणवतो. आपण घेत असलेल्या सर्व औषधांची यादी डॉक्टरांना दाखवावी, परंतु आपण होऊन कोणतेही औषध बंद करू नये.

तिसरे म्हणजे ठार शांतता टाळावी. रात्री पंखा, बारीक आवाजातील रेडिओ किंवा भजन चालू ठेवावे. आवाज नादाला बुडवील इतका मोठा नको, त्याच्या सोबतीला असावा इतकाच. मोठ्या आवाजात काम करणाऱ्यांनी कानात संरक्षक बोळे घालावेत. पण शांत घरातही दिवसभर कापूस घालून बसू नये, त्याने नाद अधिकच ऐकू येतो.

चौथा उपाय त्या चक्रावर आहे. नादाबद्दलचे भीतीचे विचार ओळखणे, ते तपासून पाहणे आणि लक्ष दुसरीकडे वळवण्याचा सराव करणे, अशी एक उपचारपद्धती आहे. तिला संज्ञानात्मक वर्तनोपचार म्हणतात. २०२० साली या पद्धतीच्या २८ चाचण्यांचा, एकूण २७३३ रुग्णांचा, एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. नादामुळे जगण्यावर होणारा परिणाम या उपचाराने कमी होतो, असे त्यात आढळले. हा उपचार मानसशास्त्रज्ञ किंवा मानसोपचारतज्ज्ञ देतात, म्हणून आपले लोक बिचकतात. यात कमीपणा काही नाही. नाद ज्या जाळ्यात अडकला आहे, त्या जाळ्यापर्यंत पोचण्याचा आज माहीत असलेला हा सर्वांत भरवशाचा रस्ता आहे.

ज्यांना झोप अजिबात नाही, जगणे नकोसे वाटते, त्यांनी ते मनात ठेवू नये. घरच्यांना, डॉक्टरांना स्पष्ट सांगावे. केंद्र सरकारची 'टेली-मानस' ही मोफत दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र उपलब्ध आहे.

सरांचे पुढे काय झाले?

त्या दिवशी मी सरांच्या फिल्म पाहिल्या. गाठ नव्हती, हे त्यांना पुन्हा सांगितले. मग श्रवणचाचणी केली. उंच सुरांचे ऐकणे दोन्ही कानांत बरेच कमी झालेले होते. दोन वर्षांत ही साधी तपासणी त्यांची कुणी केली नव्हती. मोठ्या तपासणीच्या नादात छोटी राहून गेली होती.

आलेख समोर ठेवून मी तिघांनाही समजावून सांगितले. सरांच्या पत्नी इतका वेळ गप्प होत्या. त्या म्हणाल्या, "म्हणजे ह्यांना खरंच ऐकू येतं?" मी म्हटले, "हो, खरंच ऐकू येतं." त्यावर त्या हळूच म्हणाल्या, "मी म्हटलं, निवृत्त झाल्यापासून रिकामपण आलंय, त्यानं होतंय."

सरांनी श्रवणयंत्रे घेतली. सुरुवातीला कुरकुर केली, आठवडाभर काढून ठेवली, मग सवय झाली. रात्री उशाशी रेडिओ बारीक लावतात. जिल्ह्याच्या गावी मानसोपचारतज्ज्ञांकडे काही वेळा जाऊन आले. आठ-नऊ महिन्यांनी परवा भेटले. मी विचारले, नाद गेला का? "नाही," म्हणाले. "आहे. तुम्ही विचारलंत म्हणून आत्ता ऐकू आला." दोन वर्षांपूर्वी हेच सर रात्री अडीच वाजता उठून अंगणात फेऱ्या मारीत असत. आता सलग पाच-सहा तास झोप लागते.

आपल्या घरात कुणी कानातल्या आवाजाची तक्रार करीत असेल तर वाचकांना माझे दोन गोष्टींचे सांगणे आहे. त्यांची श्रवणचाचणी करून घ्या. आणि 'काही नाही, मनाचे खेळ आहेत' असे म्हणू नका. एम.आर.आय.साठी पैसे जमवण्याआधी या दोन गोष्टी करता येतात, आणि दुसरीला तर पैसेही लागत नाहीत.